यार्ड कोणाचे?

१९९५च्या एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी पुकारलं गेलेलं नाव की-जाना कार्टरचं होतं. पेन स्टेट विद्यापीठाचा हा रनिंग बॅक वेगवान होता, अंगानं भरलेला होता, आणि खोट काढायची म्हटली तरी सापडत नव्हती. तो हातचा जाऊ नये म्हणून सिनसिनाटी बेंगल्सनी आपली पाचव्या क्रमांकाची निवड आणि वर दुसऱ्या फेरीतली एक निवड देऊन पहिला क्रमांक मिळवला. त्याच ड्राफ्टमध्ये ७४व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी कर्टिस मार्टिनला घेतलं, आणि १९६व्या क्रमांकावर, सहाव्या फेरीत, डेन्व्हर ब्रॉंकोजनी टेरेल डेव्हिसला. कार्टरचा गुडघा पहिल्या हंगामाआधीच्या सराव सामन्यात, चेंडू घेऊन तिसऱ्यांदा धावताना, निकामी झाला. तो पुढं बरीच वर्षं खेळला, पण पेन स्टेटमधला कार्टर पुन्हा दिसला नाही. मार्टिनच्या नावावर कारकिर्दीअखेर १४,१०१ यार्ड लागले. डेव्हिसनं १९९८च्या एकाच हंगामात २,००८ यार्ड काढले. दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. कार्टरनंतर एकाही रनिंग बॅकला ड्राफ्टचा पहिला क्रमांक मिळालेला नाही.

ही हकीकत सांगून झाली की ऐकणारा म्हणतो, ‘म्हणजे सगळा नशिबाचाच खेळ.’ मला तसं वाटत नाही. कार्टरचा गुडघा कुणाला आधी दिसणार नव्हता, हे खरं. तो भाग नशिबाचा. पण मार्टिन आणि डेव्हिस इतके खाली का घसरले, याला कारणं होती आणि ती तपासता येतात. दोघंही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दुखापतींमुळे पुरेसे खेळले नव्हते. बहुतेक संघांनी काढलेले यार्ड मोजले. न काढलेल्या यार्डांचा विचार थोड्यांनीच केला.

डेव्हिसची गोष्ट तिथं संपतही नाही. १९९९मध्ये त्याचा गुडघा गेला, तेव्हा डेन्व्हरनं त्याच्या जागी चौथ्या फेरीतून आलेल्या ओलँडिस गॅरीला उभं केलं. त्यानं १,१५९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसननं १,४८७ काढले. मग क्लिंटन पोर्टिस आला आणि दोन हंगाम लागोपाठ दीड हजाराच्या वर गेला. आता प्रश्न फिरतो. डेव्हिस थोर होता, की डेन्व्हरची ब्लॉकिंगची पद्धत थोर होती? २००४मध्ये पोर्टिस वॉशिंग्टनला गेला आणि एका धावेमागे साडेपाच यार्ड काढणारा हा माणूस ३.८वर आला. पाय तेच होते, पुढची माणसं बदलली होती.

कॉलेजातल्या रनिंग बॅकचं मूल्यमापन ज्या प्रश्नाभोवती घोटाळतं तो प्रश्न हाच: त्याच्या नावावर लागलेल्या यार्डांपैकी त्याचे स्वतःचे किती? या पुस्तकातल्या सगळ्या चर्चा फिरून फिरून इथंच येतात.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका बाजूचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो एकतर फेकतो, नाहीतर मागं किंवा शेजारी उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, आणि तो धावत सुटतो. समोर ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्यांना ढकलून वाट काढत असतात. कबड्डीतला रेडर समोरच्या सात जणांत एकटा शिरतो, त्याचा गुण निखळ त्याचा. रनिंग बॅक एकटा दिसतो, पण एकटा नसतो. पहिले तीन-चार यार्ड बहुतेकदा फळीनं कमावलेले असतात, त्यापुढचे त्याचे. कॅमेरा मात्र सुरुवातीपासून त्याच्यावरच रोखलेला असतो.

ड्राफ्टही समजून घ्यायला हवा. कॉलेजातून येणारा खेळाडू आपला संघ निवडत नाही. संघ त्याला निवडतात. आदल्या हंगामात सर्वांत मागं राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. आज ३२ संघ आहेत आणि सात फेऱ्या होतात. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत करू नये. इथं बोली लागत नाही, आणि लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार जवळपास पूर्णपणे त्याच्या निवडीच्या क्रमांकावर ठरतो. त्यामुळे क्रमांक हीच किंमत. पहिल्या फेरीतला करार चार वर्षांचा असतो आणि संघाला हवं तर पाचवं वर्षही जोडता येतं. रनिंग बॅकचं शरीर साधारण पंचविशीत ऐन भरात असतं आणि सत्तावीस-अठ्ठावीसला उतरणीला लागतं. म्हणजे ज्या वर्षांत तो सर्वोत्तम खेळतो ती वर्षं त्याच्या स्वस्त कराराची असतात, आणि मोठा करार मागायची वेळ येते तेव्हा पाय थकू लागलेले असतात. या एका गणितानं या जागेचं सगळं अर्थकारण व्यापलं आहे.

या परंपरेची सुरुवात गमतीशीर आहे. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. फळ्यावर नव्वदेक नावं लिहिलेली होती. खेळाडू हेरणारे स्काउट कुणाकडेच नव्हते. वर्तमानपत्रांतली वर्णनं, ओळखीच्या प्रशिक्षकांचं मत आणि ऐकीव कीर्ती एवढ्यावर कारभार. पहिली निवड होती शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक जे बर्वँगर, म्हणजे आजच्या भाषेत रनिंग बॅकच. आदल्याच वर्षी, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन ट्रॉफीचा तो पहिला मानकरी ठरला होता. पण तो व्यावसायिक फुटबॉल एकही सामना खेळला नाही. दुसरीकडे नोकरी त्याला बरी वाटली. ड्राफ्टच्या इतिहासातलं पहिलंच मूल्यमापन असं फसलं, आणि तेही खेळावरून नाही, पगारावरून.

त्या फळ्यावर एकही कृष्णवर्णीय नाव नव्हतं. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा असा खेळाडू निवडला गेला तो १९४९मध्ये, तेराव्या फेरीत: इंडियाना विद्यापीठाचा जॉर्ज टॅलियाफेरो. तोही धावणाराच. पुढं पिट्सबर्ग स्टीलर्सनी बिल नन या पत्रकाराला स्काउट म्हणून घेतलं, कारण कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत कोण खेळतं हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांना ठाऊक करून घ्यायची गरज वाटत नव्हती. मूल्यमापनात सर्वांत मोठी चूक मोजण्यात होत नाही, बघायला कुठं जायचं हे ठरवताना होते, हे या एका नेमणुकीनं दाखवून दिलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमधून वॉल्टर पेटन १९७५मध्ये थेट चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, तोवर ही वाट रुळली होती.

पूर्णवेळ स्काउटची प्रथा रॅम्स संघानं चाळिशीच्या दशकात एडी कोटल यांच्यापासून सुरू केली. तिथून जे घराणं उभं राहिलं त्याला मी नजरेचं घराणं म्हणतो. गावोगावच्या कॉलेजांत जायचं, सराव बघायचा, फिल्म पुन्हापुन्हा मागं-पुढं करायची. या लोकांची भाषा ठरलेली आहे. ‘व्हिजन’ म्हणजे फट उघडण्याआधी ती कुठं उघडणार हे ओळखणं. ‘पेशन्स’ म्हणजे ती उघडेपर्यंत पाय आवरून धरणं. ‘कॉन्टॅक्ट बॅलन्स’ म्हणजे धक्का बसल्यावरही उभं राहणं. एमिट स्मिथ १९९०मध्ये कॉलेजातून आला तेव्हा उंची कमी आणि वेगही फार नाही म्हणून सतराव्या क्रमांकापर्यंत खाली आला. त्याचे १८,३५५ यार्ड अजूनही कुणाला गाठता आलेले नाहीत. नजरेच्या घराण्याचे लोक हे उदाहरण अभिमानानं देतात. ट्रेंट रिचर्डसनचं नाव मात्र चटकन काढत नाहीत. अलाबामाच्या या खेळाडूवर नजर ठेवणाऱ्या बहुतेकांचं एकमत होतं. २०१२मध्ये क्लीव्हलंडनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पुढच्याच सप्टेंबरमध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्याची कारकीर्द धावेमागे ३.३ यार्डांवर संपली. अलाबामात त्याच्यापुढं वाट इतकी रुंद असायची की ती शोधायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असावी, असं मला त्या फिल्म बघताना वाटतं.

दुसरं घराणं घड्याळाचं. व्यावसायिक संघांत चाळीस यार्डांची दौड घड्याळ लावून मोजण्याची प्रथा प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी रुजवली. १९८२पासून खेळाडूंना एकत्र बोलावून तपासण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. १९८७पासून तो दरवर्षी इंडियानापोलिसला भरतो आणि त्याला कम्बाइन म्हणतात. मूळ हेतू होता वैद्यकीय तपासणी सगळ्यांची एकाच ठिकाणी उरकण्याचा. आज लोक टीव्हीवर दौडी बघतात, पण संघांना अजूनही सर्वांत जास्त रस डॉक्टरांच्या खोलीत असतो. तिथून बाहेर काय येतं ते आपल्याला कळत नाही, आणि ड्राफ्टच्या दिवशी एखादा खेळाडू अचानक का घसरला याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं.

या कार्यक्रमाबद्दल एक अस्वस्थता नोंदवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आज रनिंग बॅक जवळपास सगळे कृष्णवर्णीय आहेत. तरुण मुलं आखूड कपड्यांत एका रांगेत उभी करायची, त्यांचे हात, पंजे, पोटऱ्या मापायच्या, आणि समोर बसलेल्यांनी वहीत नोंदी करायच्या, हे दृश्य अमेरिकेत अनेकांना गुलामांच्या बाजाराची आठवण करून देतं. ही टीका मला अतिरेकी वाटत नाही. पुस्तकात मापं येतात, पण ती माणसाची आहेत याचं भान सुटू नये असा प्रयत्न केला आहे.

तिसरं घराणं आकड्यांचं, आणि त्याच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. साठीच्या दशकात डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँड यांनी खेळाडू निवडण्यासाठी संगणक वापरायचं ठरवलं. ते काम आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणाऱ्या सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाकडे गेलं. कुरेशी अलीगढला शिकलेले. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा परिचय नव्हता. म्हणूनच त्यांना साधे प्रश्न पडले. स्काउट ‘चपळ’ म्हणतो तेव्हा नेमकं काय बघतो? दोन स्काउट तोच शब्द एकाच अर्थानं वापरतात का? अखेर गुणांची यादी छाटून पाचांवर आणली: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, तल्लखपणा, ताकद. प्रत्येकाला गुण द्यायचे. आज हे बाळबोध वाटेल, पण स्काउटच्या मनातली गोष्ट दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात पहिल्यांदा कागदावर आली ती तेव्हा. काउबॉइजनी १९६९मध्ये येल विद्यापीठातून कॅल्विन हिल उचलला. येल विद्वत्तेसाठी प्रसिद्ध, फुटबॉलसाठी तेव्हाही नव्हतं. हिल त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

एकविसाव्या शतकात या घराण्याला धार आली. २००३च्या सुमारास विश्लेषक एरन शॅट्झ आणि मंडळींनी एक सर्वमान्य समजूत तपासायला घेतली: जास्त धावणारा संघ जिंकतो. आकडे उलटं सांगत होते. जिंकत असलेला संघ वेळ काढण्यासाठी शेवटी शेवटी जास्त धावतो. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती. पुढं बिल बार्नवेलनं ‘स्पीड स्कोअर’ नावाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं: पौंडांतल्या वजनाला दोनशेनं गुणा आणि चाळीस यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घातानं भागा. मुद्दा असा की जड माणसाचा वेग हलक्या माणसाच्या वेगापेक्षा मोलाचा. सेक्वॉन बार्कलीनं २०१८मध्ये २३३ पौंड, म्हणजे सुमारे १०६ किलो, वजन घेऊन ४.४० सेकंदांत दौड पुरी केली. त्याचा आकडा १२४ येतो. सरासरी शंभराच्या आसपास. २०२२मध्ये कायरन विल्यम्स १९४ पौंडांत ४.६५ सेकंद धावला. त्याचे होतात ८३. बार्कली दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, विल्यम्स १६४व्या. सूत्र आणि बाजार यांचं एकमत होतं. आणि तरी २०२३च्या हंगामात विल्यम्सनं बाराच सामन्यांत १,१४४ यार्ड काढले, बार्कली ९६२वर थांबला.

याचा अर्थ सूत्र खोटं असा नाही. बार्कलीनं पुढच्याच वर्षी काय केलं ते बघा. न्यू यॉर्क जायंट्समधून तो फिलाडेल्फियाला गेला, लीगमधल्या उत्तम फळींपैकी एकीच्या मागं उभा राहिला, आणि २,००५ यार्ड काढून संघासोबत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. धावेमागे ३.९वरून ५.८वर. वीस वर्षांपूर्वी पोर्टिस ज्या रस्त्यानं खाली उतरला त्याच रस्त्यानं बार्कली वर चढला. दोन्ही वेळा खेळाडूचा वाटा शून्य नव्हता, आणि दोन्ही वेळा तो पूर्णही नव्हता.

हा वाटा वेगळा काढण्याची साधनं आता खरोखर हाती आली आहेत. टॅकलचा, म्हणजे धरून पाडू पाहणाऱ्याचा, पहिला स्पर्श झाल्यानंतर काढलेले यार्ड, हुकवलेले टॅकल, हे मोजणारे लोक प्रत्येक सामन्याची प्रत्येक चाल बसून बघतात. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे प्रत्येकाची जागा सेकंदात दहा वेळा नोंदली जाते. २०१९च्या अखेरीस लीगनं ही माहिती खुल्या स्पर्धेत टाकली: चेंडू हातात आला त्या क्षणी बावीस जण कुठं होते एवढ्यावरून किती यार्ड मिळतील ते सांगा. ऑस्ट्रियातून भाग घेणाऱ्या फिलिप सिंगर आणि दिमित्री गोर्देयेव या जोडीनं ती जिंकली. त्या अंदाजापेक्षा धावणाऱ्यानं किती जास्त काढले, एवढं वजा केलं की त्याचा स्वतःचा हिस्सा हाती येतो. कल्पना फार देखणी आहे. पण ती एनएफएलच्या मैदानावरची. कॉलेजातल्या मुलाबद्दल इतकी बारीक माहिती सर्वांना सारखी मिळत नाही, आणि अंदाज तर त्याच्याचबद्दल करायचा असतो.

कॉलेजचं मैदान दुसऱ्याही कारणांनी फसवतं. तिथं मधल्या खुणांच्या दोन ओळींत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचं. म्हणजे कॉलेजात चाल बहुतेकदा मैदानाच्या एका कडेला सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला पळायला ऐसपैस रान मिळतं. तिथल्या पसरट आक्रमणांत बचाव करणारे लांब लांब उभे असतात, मधे माणसं कमी. विस्कॉन्सिनसारख्या विद्यापीठाची फळी इतकी बलदंड असते की तिच्या मागून कोण धावतोय याला कमी महत्त्व. त्याच विस्कॉन्सिनचा हाइजमन विजेता रॉन डेन २०००मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला जाऊन सामान्य ठरला, आणि त्याच विस्कॉन्सिनचा जोनाथन टेलर २०२०मध्ये ४१व्या क्रमांकावर निवडला जाऊन पुढच्याच वर्षी १,८११ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला. कॉलेजचं नाव बघून मूल्यमापन करणाऱ्यांनी या दोघांना शेजारी ठेवून विचार करावा.

उलट टोकाला ॲल्विन कमारा. टेनेसीत दोन वर्षांत त्याला चेंडू घेऊन धावायची संधी मिळाली एकूण २१० वेळा. विस्कॉन्सिनच्या मुख्य धावपटूच्या हाती एवढा चेंडू एका हंगामात येतो. २०१७च्या ड्राफ्टमध्ये तो ६७वा गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक नवोदित ठरला, त्यातही ८१ झेल घेऊन. झेल आणि ब्लॉकिंग या दोन गोष्टींबद्दल कॉलेजचे आकडे सर्वांत कमी बोलतात. रनिंग बॅकला कित्येक चालींत धावायचंच नसतं. क्वार्टरबॅकवर चालून येणारा, आपल्याहून वीस किलो जड गडी ओळखून अडवायचा असतो. ही कला नसलेला मुलगा कितीही सुंदर धावला तरी महत्त्वाच्या तिसऱ्या प्रयत्नाला बाकावर बसतो. कायरन विल्यम्सच्या बाबतीत घड्याळानं जे सांगितलं नाही ते त्याच्या ब्लॉकिंगच्या फिल्ममध्ये स्पष्ट दिसत होतं. त्या फिल्म बघायला चिकाटी लागते, कारण चेंडू तिथं नसतो.

चौथं एक घराणं आहे. ते खेळाडूबद्दल बोलतच नाही, किमतीबद्दल बोलतं. केड मॅसी आणि पुढं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या संशोधकांनी दाखवून दिलं की संघ ड्राफ्टच्या वरच्या निवडींना अवाच्या सवा मोल देतात, कारण आपल्याला भविष्य कळतं असा त्यांचा समज असतो. रनिंग बॅकच्या बाबतीत हा तर्क आणखी टोकदार झाला: चांगले धावणारे भरपूर, उतरत्या फेऱ्यांतही मिळणारे, लवकर झिजणारे, आणि यश फळीवर अवलंबून, मग पहिली फेरी का खर्चावी? ‘रनिंग बॅकनं फरक पडत नाही’ ही घोषणा यातूनच आली. २०१३ आणि २०१४ला पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. २०२२ आणि २०२४लाही नाही. टॉड गर्लीनं २०१८मध्ये ५ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला, दोन वर्षांनी संघानं त्याला सोडलं, आणि सव्विसाव्या वर्षी त्याचा शेवटचा सामना झाला. जुलै २०२३मध्ये बार्कली, जोश जेकब्ज आणि टोनी पोलार्ड या तिघांनाही मुदतीत लांब पल्ल्याचे करार मिळाले नाहीत, तेव्हा देशभरच्या नामांकित रनिंग बॅकांनी ऑनलाइन बैठक घेतली. हाती फारसं काही लागलं नाही.

माझं मत असं की या घराण्याचं गणित बरोबर आहे आणि घोषणा चूक. ‘फरक पडत नाही’ आणि ‘इतकी किंमत पडू नये’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं फळीबद्दल जे खरं आहे ते ताणून धावणाऱ्याला पुसून टाकतं. आणि बाजार तर आपल्याच सिद्धांतावर टिकून राहत नाही. २०२३ला बिजान रॉबिन्सन आठव्या आणि जामिर गिब्ज बाराव्या क्रमांकावर गेले. दोन्ही संघांची तेव्हा थट्टा झाली, ती लवकरच थांबली. बार्कलीच्या २०२४च्या हंगामानंतर त्याला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या पुढचा करार मिळाला, आणि एप्रिल २०२५मध्ये बॉयझी स्टेटचा ॲश्टन जेंटी सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. बचावाच्या पद्धती फेकलेला चेंडू अडवण्यासाठी हलक्या, चपळ माणसांकडे झुकल्या, की कधीतरी धावणं पुन्हा स्वस्तात यश देऊ लागणार, हे ओघानंच आलं.

बाजार असा उलटला हे हा विषय आत्ताच हाती घेण्याचं एक कारण; दुसरं कॉलेजच्या बाजूनं आलं आहे. खेळाडूला ड्राफ्टसाठी शाळा सोडून तीन वर्षं व्हावी लागतात. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटनं या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं आणि २००४मध्ये तो अपिलात हरला; निकाल लिहिला होता आज सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी. ज्या जागेचं आयुष्य सर्वांत आखूड, तिथंच ही तीन बिनपगारी वर्षं सर्वांत महाग पडत. २०२१पासून कॉलेजातले खेळाडू आपल्या नावावर पैसे कमवू शकतात आणि २०२५पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. त्यामुळे चौथ्या-पाचव्या फेरीत जाईल असा मुलगा आता आणखी एक वर्ष कॉलेजात थांबू शकतो, पैसेही मिळवतो, आणि येतो तेव्हा एका वर्षानं मोठा, शे-दोनशे टॅकल जास्त खाल्लेला असतो. मूल्यमापन करणाऱ्याच्या जुन्या तक्त्यांत ही माणसं बसत नाहीत.

मराठीत या विषयावर सलग लिहावं असं का वाटलं? न्यू जर्सीत, टेक्सासात, बे एरियात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना हा खेळ जन्मापासून माहीत असतो आणि आईवडिलांना, आजीआजोबांना तो निव्वळ धक्काबुक्की वाटतो. इकडे पुण्या-मुंबईतही आता सोमवारी पहाटे उठून सामने बघणारे, फँटसी संघ चालवणारे तरुण आहेत. खेळाचे नियम सांगणारं काहीतरी त्यांना कुठंही मिळतं. एखाद्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलाबद्दल ‘हा टिकेल’ असं म्हणायला काय काय तपासावं लागतं आणि तरीही का चुकतं, ते मिळत नाही. कुणाला निवडायचं याची यादी या पुस्तकात नाही. अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात. जुने निर्णय इथं पुन्हा उघडले आहेत, पण एका अटीवर: त्या दिवशी संघांच्या हाती जेवढी माहिती होती तेवढीच वाचकाच्या हाती द्यायची आणि मग विचारायचं, तुम्ही काय केलं असतं? पुढं काय झालं ते नंतर. मागून बघणाऱ्याला सगळंच दिसतं. त्या सोयीपासून शक्य तितकं लांब राहायचं ठरवलं होतं. दुखापतींच्या बाबतीत ते नेहमीच जमलं असं नाही, कारण डॉक्टरांचे अहवाल बाहेर येत नाहीत.

घराण्यांपैकी एकाची बाजू घ्यायचं टाळलं आहे, मात्र तटस्थताही पाळलेली नाही. घड्याळावर मी वाजवीपेक्षा कमी विश्वास टाकला आहे असं काही वाचकांना वाटेल. पहिल्या दहा यार्डांची वेळ, वळण घेण्याची चपळाई आणि वजन या तिन्हींचा उपयोग मला मान्य आहे. चाळीस यार्ड सरळ रेषेत पळायची वेळ या खेळाडूवर सामन्यात किती वेळा येते, हे कुणीही मोजून बघावं.

आकडे वाचताना एक सावधगिरी. व्यावसायिक सामन्यांचे या पुस्तकातले सगळे आकडे नियमित हंगामाचे आहेत, प्लेऑफचे नाहीत. कॉलेजच्या आकड्यांत गुंता जास्त आहे, कारण हंगामाअखेरच्या बोल सामन्यातले यार्ड अधिकृत नोंदीत धरायला २००२पासून सुरुवात झाली. बॅरी सँडर्सचा १९८८चा २,६२८ यार्डांचा विक्रम अकरा सामन्यांचा आहे. त्यानंतरच्या हॉलिडे बोलमध्ये काढलेले २२२ यार्ड त्यात नाहीत. जेंटीचे २०२४चे २,६०१ यार्ड चौदा सामन्यांचे आहेत आणि त्यात सगळं धरलेलं आहे. रॉन डेनच्या कॉलेजातल्या एकूण यार्डांचेही याच कारणानं दोन आकडे प्रचलित आहेत, ६,३९७ आणि ७,१२५. जिथं असे दोन आकडे आहेत तिथं दोन्ही दिले आहेत.